पॉइंट काढले म्हणून गाडी बाटत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटारींच्या प्रदर्शनावरचा लेख वाचला. गाड्यांची माहिती मनापासून लिहिली आहे. मात्र लेखातल्या एका विधानाशी मी सहमत नाही. डिस्ट्रिब्युटरमधले (म्हणजे ज्या त्या प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागातले) सीबी पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेली गाडी ‘अस्सल’ राहत नाही आणि परीक्षकांनी अशा गाडीचे गुण कापले ते योग्यच झालं, असं लेखकाने म्हटलं आहे. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. डायनॅमो, सेल्फ, कॉइल, डिस्ट्रिब्युटर यांतच माझी हयात गेली. हे मत असंच पसरत गेलं तर चांगल्या गाड्या चालायच्या थांबतील आणि नुसत्या पुसून ठेवल्या जातील, अशी मला भीती वाटते. त्यासाठी हे पत्र.

आधी एका गाडीविषयी सांगतो. माझ्या एका ग्राहकाकडे १९६९ सालची एमजीबी आहे. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली ही दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार. १७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, ताकद साधारण ९५ अश्वशक्ती. आजच्या मानाने हा आकडा लहान वाटेल, पण गाडी हलकी आहे आणि त्या काळी ती ताशी १०० मैलांच्या पुढे जायची. आपल्याकडच्या मेकॅनिकला हे इंजिन परकं वाटू नये. ॲम्बॅसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन आणि हे इंजिन एकाच घराण्यातलं, बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी सीरिज’चं. एमजीबीच्या आधीच्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये तर सुरुवातीला १४८९ सीसीचंच इंजिन होतं. ॲम्बॅसेडरचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, बांधत ज्यांचा हात बसला त्यांनी एमजीचं बॉनेट उघडलं तर निम्म्या गोष्टी ओळखीच्या निघतात.

या गाडीची तक्रार अशी होती. गावात ठीक चालायची. रत्नागिरीकडून परत येताना साखरप्यानंतर आंबा घाट सुरू झाला, की तिसऱ्या गियरमध्ये मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या पुढे मिसिंग, म्हणजे मधेच ठिणगी चुकायची. पुढे उसाचा ट्रॅक्टर आहे, ओव्हरटेकला बाहेर काढलीय आणि ऐन वेळी गाडी अडखळते, हा प्रकार धोक्याचा आहे. त्याआधी दोन ठिकाणी कार्बोरेटर खोलून झाले होते. सुया बदलल्या, जेट बदलले, फ्लोट तपासले. माझा अनुभव असा, की कार्बोरेटरवर घातलेल्या तक्रारींतल्या निम्म्याहून जास्त तक्रारी करंटच्या निघतात. इथेही तसंच होतं.

पॉइंटचं काम थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं नीट समजेल. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१०च्या सुमारास जी बॅटरी इग्निशनची पद्धत आणली, तीच थोड्याफार फरकाने पुढे साठेक वर्षं जगभर चालली. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या आतल्या जाड तारेच्या वेढ्यातून करंट वाहतो. तीन ओहमची कॉइल असेल तर बारा व्होल्टला साधारण चार अँपिअर. डिस्ट्रिब्युटरच्या मधल्या शाफ्टवरचा चौकोनी कॅम फिरला, की त्याचा कोपरा पॉइंटच्या टाचेला ढकलतो, पॉइंट उघडतात, करंट तुटतो आणि त्या झटक्याने बारीक तारेच्या वेढ्यात हजारो व्होल्ट उभे राहतात. ते शाफ्टच्या टोकावर फिरणाऱ्या रोटरवाटे ज्या त्या प्लगला जातात. पॉइंटवर ठिणगी उडू नये आणि करंट चटकन तुटावा म्हणून शेजारी कंडेन्सर.

आता हिशेब पाहा. चार सिलिंडरच्या गाडीला सहा हजार फेऱ्यांवर सेकंदाला २०० ठिणग्या लागतात. म्हणजे एका ठिणगीच्या वाट्याला ५ मिलिसेकंद. त्यातला जेमतेम दोन तृतीयांश वेळ पॉइंट मिटलेले असतात. तेवढ्यात कॉइल पुरती भरत नाही. त्यात पॉइंटची पट्टी सैल झाली असेल तर ते मिटताना उडी खातात आणि मिटलेला वेळ आणखी कमी होतो. वरच्या फेऱ्यांवर ठिणगी अशक्त होते ती यामुळे. घाटात थ्रॉटल पूर्ण उघडला की सिलिंडरमध्ये दाब जास्त असतो आणि तिथे ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्ट लागतात. नेमकं ज्या वेळी जास्त हवं त्याच वेळी कमी मिळतं.

दुसरी अडचण झिजण्याची. एमजीबीच्या लुकास कंपनीच्या २५डी४ डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटचा गॅप एका इंचाच्या हजारांश भागात १४ ते १६, म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर. फायबरची टाच कॅमवर घासत राहते, झिजते, गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे पडतं. पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन, ज्याला आम्ही ड्वेल म्हणतो, तो एका अंशाने बदलला की क्रँकवर टायमिंगही साधारण तितकंच सरकतं. नवा पॉइंट घालून, कॅमवर ग्रीसचा पातळ हात फिरवून, नीट बांधलेलं टायमिंग हळूहळू बिघडतच जातं. चालकाला ते कळत नाही, कारण दररोजचा फरक फार लहान असतो.

या एमजीबीत मी पहिल्यांदा काय पाहिलं असेल तर शाफ्ट. कॅप काढून, रोटर धरून शाफ्ट बाजूला हलवला तर तो हलला, डोळ्याला दिसेल इतका. आतला बुश गेला होता. अशा डिस्ट्रिब्युटरमध्ये कितीही महागाचा पॉइंट घाला, चार कोपऱ्यांवर चार वेगळे गॅप मिळणार. टायमिंग लाइट लावली तर पुलीवरची खूण एका जागी उभी राहत नाही, थरथरते. एका सिलिंडरला ठिणगी लवकर, दुसऱ्याला उशिरा.

इथे उद्यमनगर कामाला आलं. लेथवर फॉस्फर ब्राँझचा बुश फिरवून, शाफ्टला शोभेल असा रीम करून बसवला. नंतर खालची वजनं आणि स्प्रिंगा पाहिल्या. पॉइंटच्या प्लेटखाली दोन वजनं असतात, फेऱ्या वाढल्या की ती बाहेर फाकतात आणि ठिणगी पुढे नेतात. त्यांना आवरायला दोन स्प्रिंगा, एक नाजूक आणि एक जाड. गाडीचा स्वभाव या दोन स्प्रिंगांत असतो. या गाडीत कुणीतरी कधीतरी दोन्ही सारख्याच, दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीच्या स्प्रिंगा घातल्या होत्या. वजनांच्या पिना वाळून घट्ट झाल्या होत्या. इंजिनच्या ओढीने ठिणगी मागेपुढे करणाऱ्या व्हॅक्यूमच्या डबीतला पडदा फाटलेला होता. नळीने तोंडाने ओढलं तर हवा सरळ आत येत होती. हे सगळं दुरुस्त केल्यावर मगच मी इलेक्ट्रॉनिक किटला हात लावला.

हा क्रम मी मुद्दाम लिहितो आहे. आज बरेच लोक किट मागवतात, अर्ध्या तासात बसवतात आणि ‘गाडी सुधारली’ म्हणतात. किट हे फक्त पॉइंट आणि कंडेन्सरच्या जागी येतं. कॅमवर चुंबकांची एक कडी बसते, पॉइंटच्या जागी सेन्सरचा छोटा ठोकळा, लाल आणि काळी अशा दोन वायरी कॉइलकडे जातात. घासणारी टाच गेली, जळणारे पॉइंट गेले, उडी गेली, गॅप गेला. झिजल्यामुळे टायमिंग सरकणं थांबलं. पण वजनं अडकलेली असतील तर ती अडकलेलीच राहतात. शाफ्ट हलत असेल तर तो हलतच राहतो. सेन्सरला त्याचा त्रास पॉइंटइतका होत नाही एवढंच. खराब डिस्ट्रिब्युटरवर बसवलेलं किट म्हणजे ओलीवर दिलेला रंग.

कॉइलचं तर त्याहून महत्त्वाचं. तीन ओहमच्या जागी कुणी दीड ओहमची ‘पॉवर’ कॉइल बॅलास्ट रेझिस्टन्सशिवाय, म्हणजे करंट आवरणाऱ्या जोड रेझिस्टन्सशिवाय, लावली, तर करंट दुप्पट होऊन आठ अँपिअरवर जातो आणि किट भाजून निघतं. कॉइल घेताना डब्यावरच्या चित्रावर जाऊ नका, मल्टिमीटर लावून ओहम मोजा. इंजिन बंद ठेवून चावी ऑन ठेवू नका. बऱ्याच साध्या किटचा त्याने जीव जातो. एमजीबी १९६७च्या उत्तरार्धापर्यंत पॉझिटिव्ह अर्थची होती, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं, नंतर निगेटिव्ह झाली. त्यामुळे त्याआधीच्या गाडीला वायरी लावताना दहा वेळा बघा. प्लगच्या वायरी नुसत्या तांब्याच्या नकोत, रेझिस्टन्सच्या हव्यात, नाहीतर सेन्सर गडबडतो. आणि कॉइलपर्यंत व्होल्ट पूर्ण पोचतात का ते मोजा. या गाडीत इग्निशन स्विचकडून कॉइलकडे येणाऱ्या पांढऱ्या वायरीवर बॅटरीपेक्षा दीड व्होल्ट कमी येत होते. पन्नास वर्षांच्या स्विचच्या पाकळ्या काळ्या पडलेल्या असतात. मी तिथे एक रिले (इशाऱ्यावर चालणारा वेगळा स्विच) घातला आणि मूळ वायर रिलेला इशारा देण्यापुरती ठेवली. वायरिंगचं मूळ बंडल कुठेही कापलेलं नाही.

रोटरही सांगतो, कारण रस्त्यात गाडी उभी करणारा हाच. आज बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ रोटरमध्ये पितळी पट्टी धरायला रिव्हेट असतो. ठिणगी ताकदीची झाली की करंट त्या रिव्हेटमधून प्लॅस्टिक फोडून खाली शाफ्टला उतरतो आणि गाडी अचानक बंद पडते. माणूस दोष किटला देतो. रिव्हेट नसलेला, जाड अंगाचा रोटर शोधून घालावा. कंडेन्सरचंही तसंच आहे. जुने कंडेन्सर गाडीबरोबर म्हातारे व्हायचे. आज मिळणारे कितीतरी नवे कंडेन्सर इंजिन तापलं की दम सोडतात. ‘मूळ पद्धतच ठेवा’ म्हणणाऱ्यांनी मूळ दर्जाचा कंडेन्सर कुठे मिळतो तेही सांगावं.

गाडी पुन्हा त्याच घाटाने वर आली. तिसऱ्या गियरमध्ये साडेपाच हजारांपर्यंत एकसारखी, सलग. पावसाळ्यात गगनबावड्याकडे, जिथे धुक्याने कॅपच्या आत दव धरतं, तिथेही सकाळी एका सेल्फमध्ये सुरू झाली. याला मी गाडीचा सन्मान म्हणतो.

आता ‘अस्सल’ या मुद्द्याकडे येतो. १९६९ साली, म्हणजे ही एमजीबी बनली त्याच वर्षी, पोर्शे कंपनीने आपल्या ९११च्या वरच्या मॉडेलना बॉशची इलेक्ट्रॉनिक सीडीआय (कपॅसिटरमध्ये साठवलेल्या करंटने ठिणगी देणारी) इग्निशन कारखान्यातूनच दिली होती. क्रायसलरने १९७३ला अमेरिकेत आपल्या सर्व गाड्यांना इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावली. आणि खुद्द एमजीबीला? अमेरिकेसाठी जाणाऱ्या एमजीबींमध्ये १९७५पासून लुकासचा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर होता. लुकासचा तो पहिला प्रयत्न फारसा टिकाऊ नव्हता. त्याचा ॲम्प्लिफायर डिस्ट्रिब्युटरच्याच पोटात असल्यामुळे तापायचा आणि कितीतरी मालकांनी तो काढून पुन्हा पॉइंट घातले, हेही खरं. पण ज्या गाडीच्या कारखान्याने स्वतःच पॉइंट काढायला घेतले होते, त्या गाडीतून पॉइंट काढणं हा तिचा अपमान कसा होईल? एमजीबीचं उत्पादन १९८०पर्यंत चाललं. त्या गाडीच्या हयातीतलीच ही सुधारणा आहे.

शिवाय २५डी४चं मूळ अंग जागेवरच राहतं. त्याच्या बाजूला टायमिंग बारीक फिरवायला एक दातेरी चाकी असते. मालकाने पेट्रोल बदललं की बोटाने चाकी फिरवून ठिणगी जराशी मागेपुढे करावी, इतकी शहाणी रचना लुकासने पुढच्या ४५डी४ डिस्ट्रिब्युटरमध्ये काढून टाकली. डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर पार्ट नंबर आणि तो बनल्याचा आठवडा आणि साल ठोकलेलं असतं. परीक्षकाला अस्सलपणा तपासायचा असेल तर तो तिथे वाचावा. एवढ्याचसाठी संपूर्ण डिस्ट्रिब्युटर फेकून त्या जागी संगणकावरून ठिणगीच्या वेळांचा आलेख भरायचा नवा डिस्ट्रिब्युटर बसवणं मला पटत नाही. शर्यतीच्या गाडीला ते शोभतं. तिथेही जुना डिस्ट्रिब्युटर कापडात गुंडाळून जपावा. माझ्या कामात काढलेले पॉइंट, कंडेन्सर, स्क्रू आणि प्लेट एका डब्यात घालून त्याच गाडीच्या डिकीत ठेवले जातात. रस्त्यात किट गेलंच तर पाऊण तासात गाडी १९६९च्या रूपात परत.

कायद्याचं काय? केंद्र सरकारने २०२१च्या जुलैमध्ये मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनांची स्वतंत्र नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपात जपलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली, अशी अट आहे. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, मुदत १० वर्षं. नियम चांगला आहे आणि तो आल्याचा मला आनंदच आहे. पण ‘इंजिनात मोठा फेरफार’ म्हणजे नेमकं काय? कॅपखालचं दोन वायरींचं किट त्यात येतं का? अर्ज घेऊन गेलेल्या एका ग्राहकाला बॉनेट उघडताक्षणी ‘हे बदललंय, मग हे मूळ नाही’ असं ऐकावं लागलं, आणि त्याने घाबरून पुन्हा पॉइंट घालायला गाडी माझ्याकडे आणली. मी घातले. काम मालकाचं आहे. पण चांगली चालणारी गाडी कमी चांगली करून देताना वाईट वाटतं.

ब्रिटनमध्ये, जिथून ही गाडी आली, तिथे ४० वर्षांवरच्या गाड्यांना मे २०१८पासून वार्षिक तपासणीतून सूट आहे, गाडीत मोठा फेरफार झालेला नसेल तर. पण मोठा फेरफार कशाला म्हणायचं आणि कशाला नाही, हे तिथे लिहून दिलं आहे. गाडी उत्पादनात किंवा सर्रास वापरात होती त्या काळात तशा गाड्यांत केले जात असलेले बदल तिथे चालतात. मूळ प्रकारचे सुटे भाग मिळेनासे झाल्यामुळे गाडी जपण्यासाठी केलेले बदलही चालतात. आपल्याकडे असाच एक साधा खुलासा का नसावा?

हवेच्या दृष्टीनेही विचार करा. मिसिंग म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून थेट बाहेर. पीयूसीच्या मशीनवर कार्बन मोनॉक्साइड जास्त आला तर मी कार्बोरेटर पाहतो, हायड्रोकार्बन जास्त आला तर आधी इग्निशन पाहतो. त्यातच आता आपल्या पंपांवर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं, आणि पातळ मिश्रण पेटवायला ठिणगी भक्कम लागते. रबरी नळ्या आणि डायफ्रामचा प्रश्न वेगळा, त्यावर कुणीतरी स्वतंत्र लिहावं.

म्हणून परिवहन विभागाला माझी विनंती आहे, की व्हिंटेज गाड्या तपासणाऱ्या समितीसाठी एक खुलासा काढावा. मूळ डिस्ट्रिब्युटर जागेवर असेल, इंजिनचं ओतीव किंवा मशीन केलेलं अंग कुठेही कापलेलं वा छिद्र पाडलेलं नसेल आणि काढलेले भाग गाडीसोबत दाखवता येत असतील, तर इग्निशनमधला असा बदल मोठा फेरफार धरू नये. समितीवर पाना हातात धरलेला किमान एक माणूस घ्यावा. प्रदर्शन भरवणाऱ्यांनीही गुणपत्रिकेत हीच विभागणी करावी आणि जी गाडी स्वतःच्या चाकांवर दूरवरून येते तिला त्याचे गुण द्यावेत.

आयटीआयच्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या मुलांना ड्वेल मीटर आणि टायमिंग लाइट एकदा तरी हाताळू द्यावी, हीसुद्धा विनंती आहे. माझ्याकडे शिकायला येणारी पोरं स्कॅनर उत्तम लावतात, पण जुन्या गाडीला स्कॅनरची पिनच नसते. कुठल्या संस्थेला हवा असेल तर मी एक खोललेला २५डी४, त्याची वजनं, स्प्रिंगा आणि किटसकट लाकडी फळीवर बसवून द्यायला तयार आहे, विनामूल्य. आपल्या कार्यालयामार्फत कळवावं.

आपला नम्र,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर